कूलरला परळ मानवत नाही

नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती नसते, अभिमान असतो. आमच्या शेजारच्या खोलीतले जावई त्यातलेच. मे महिन्यात लोअर परळात सासुरवाडीला येतात, दोन जिने चढतात, कॉलर मानेवरून मागे सारतात आणि म्हणतात, "चौतीसच तर आहे जी मामाजी! मग एवढं काऊन उकडून राहिलं?" त्यांच्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि तरी दुपारी कूलरपुढे आडवं झालं की पायांवर चादर ओढावी लागते, असं ते सांगतात. ते खोटं नाही. मी स्वतः ओढली आहे.

यंदा जावई बेत घेऊनच आले. चाळीच्या गच्चीवर सोलर पॅनेल, गॅलरीत कूलर, विजेचं बिल शून्य आणि मामाजी गारेगार. कागदावर बेत झकास होता. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खातो. घरगुती कूलरचं दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागतं. चांगल्या उन्हात एक चौरस मीटर पॅनेल दोनशेएक वॅट देतं, म्हणजे एका मोठ्या पॅनेलवर कूलर आरामात फिरेल. पॅनेललाही ऊन थोडं बाधतं म्हणा, तापलं की दर अंशाला त्याची वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पण ऊन कडक तेव्हाच गरज जास्त आणि तेव्हाच वीजही जास्त, असा योग पत्रिकेतसुद्धा सहसा जुळत नाही.

अडचण आहे ती हवेची. कूलर गारवा तयार करत नाही. तो पाण्याला हवेत पाठवतो आणि जाता जाता पाणी हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ दोनतृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. मात्र त्यासाठी हवेत जागा हवी. नागपुरात ४४ अंश तापमानाला आर्द्रता १५ टक्के असली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २३ अंशांवर येतो आणि बरा कूलर खोलीत २७-२८ अंशांची हवा सोडतो. लोअर परळात ३४ अंशांना आर्द्रता ६५ टक्के धरली, तर तोच ओला पारा साडेअठ्ठावीसला अडकतो. कूलरची हवा येणार तिसाच्या जवळपास, आणि येताना चिंब होऊन. चार अंश कमावले आणि घाम वाळण्याची सोय घालवली. आपलं शरीरही घाम वाळवूनच गार होतं. त्याच्याच धंद्यावर कूलर गदा आणतो.

हे सगळं जावयांना मी आकड्यांनी समजावत होतो. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ते गिरणीच्या साचा खात्यातल्या आठवणीने दोन मिनिटांत मिटवलं. कापसाच्या धाग्याला ओल मानवते; ओलसर धागा जास्त ताण सोसतो. म्हणून विणकामाच्या खात्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता राखायची, खिडक्या बंद ठेवायच्या आणि वरून पाण्याचा बारीक फवारा मारलेली हवा सोडायची. "तुमचा कूलरच होता तो, जावईबापू. सबंध खात्याएवढा! धागा सुकला की तुटणार, तुटला की साचा उभा, आणि साचा उभा राहिला की पगार बसला. धाग्याची अशी बडदास्त ठेवलेली. आम्ही बनियन पिळून दांडीवर टाकायचो, ती सुटी होईपर्यंत ओलीच."

गंमत अशी की यंत्राने हवा सुधारण्याची विद्याच या ओलीपायी वाढली. १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग सरकायचे, म्हणून विलिस कॅरियरने हवेतली ओल काढायचं यंत्र आखलं. तिकडे नॉर्थ कॅरोलिनात स्टुअर्ट क्रेमर कापडगिरण्यांच्या हवेत ओल घालायच्या खटपटीत होता. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली त्याने वापरात आणला. माणूस या यादीत कागद आणि सुतानंतर आला. आमच्या लोअर परळातली फिनिक्स मिलही त्याच सुमाराची, १९०५ ची. आज तिच्या आवारात मॉल आहे, धुराडं राखलेलं आहे आणि आत इतकं गार असतं की आमच्या चाळीतल्या बायका खरेदी नसली तरी मे महिन्यात एक फेरी मारून येतात.

आणि आसपासच्या टॉवरांच्या गच्च्यांवर काय असतं? कूलिंग टॉवर. मोठ्या एसी यंत्रणेने आतून उपसलेली उष्णता पाण्यात उतरवायची आणि त्यातलं थोडं पाणी वाफ करून बाहेर सोडायचं. तिथे ते साधतं, कारण ते पाणी चांगलंच तापलेलं असतं आणि ओली हवा खोलीत न येता रस्त्यावर जाते. म्हणजे कूलर लोअर परळातही चालतो. फक्त त्याच्या समोर बसायचं नाही.

जावई चिकाटीचे. "मग आधी हवा सुकवा!" म्हणाले. तेही होतं. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते, तसल्या पदार्थातून हवा नेली की ती कोरडी होते; पदार्थ ओला झाला की उन्हाच्या तापाने पुन्हा सुकवायचा आणि मग ती हवा कूलरला द्यायची. शास्त्राला धरून आहे. पण चाक, पंखे, तापवणारी पेटी, नळ्या... एवढा पसारा दहा बाय सोळाच्या खोलीत मांडला, तर मामाजींना गॅलरीत झोपावं लागेल.

पसाऱ्याचा प्रश्न गच्चीवरही आहेच. पॅनेल तिथे ठेवायचं म्हणजे टाकी, मंडळाचे बांबू आणि कुरडयांची चादर यांच्याशी वाटाघाटी आल्या. गच्ची सगळ्यांची, म्हणजे परवानगीही सगळ्यांची. त्यात पश्चिमेच्या टॉवरची सावली चारनंतर अर्धी गच्ची खाते. कूलरला तासाला काही लिटर पाणी पाजायचं आणि आपल्याकडे नळ वेळेवर येतो नि वेळेवर जातो. कूलरमध्ये पाणी आठवडाभर तसंच राहिलं, तर डेंग्यूच्या डासाची पैदास होते. आणि खरी तगमग रात्रीची, जेव्हा सूर्य ड्युटीवर नसतो. बॅटरी घेतली की 'बिल शून्य'मधलं शून्य हलायला लागतं. त्यापेक्षा बेस्टकडे नेट मीटरिंगचा अर्ज करावा, दिवसाची वीज जाळ्यात सोडावी आणि रात्री हिशेबात परत घ्यावी. पण तोही अर्ज एका खोलीच्या नावाने करून भागत नाही, आधी गच्चीचा निकाल लागावा लागतो.

माझं मत विचाराल तर सौर पॅनेल जरूर घ्या, चाळीने मिळून घ्या. कूलर मात्र नागपूरला राहू द्या. तिथे तो देवमाणूस आहे. लोअर परळात त्या विजेवर बीएलडीसी पंखा लावा. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, हा तीसच्या आसपास. पाणी लागत नाही, डास होत नाहीत आणि घाम आहे तोवर त्याला काम आहे.