श्री क्रेडिट कार्ड व्रत : साहित्य, विधी आणि उद्यापन

या व्रताला सोवळं लागत नाही, ब्राह्मण लागत नाही आणि उपास आपोआप घडतात. सोळा सोमवारांचं व्रत सोळा सोमवारांत आटोपतं. याला साधारण पाच वर्षं चार महिने लागतात आणि तेवढ्यातही काम निम्मंच होतं. ते कसं, ते विधीत येईलच. आधी पात्रता.

पगार बँकेत जमा होणारा कोणताही स्त्री-पुरुष या व्रताला पात्र आहे. एखाद्या रविवारी संध्याकाळी भोपाळच्या एमपी नगरातल्या एखाद्या मॉलमध्ये फुकटच्या एसीत हिंडावं. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी टाय लावलेला मुलगा उभा असतो. "सर, बस एक मिनट." त्याला चुकवून जाणाऱ्याला पुण्य नाही. थांबावं. सध्या कुठलं कार्ड वापरता, असं तो विचारतो. 'एकही नाही' म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटून येते, तिथूनच आपल्या वैराग्याला तडा जातो. कार्ड लाइफटाइम फ्री असतं. लाइफटाइम कुणाचं, हे विचारू नये.

काही भाग्यवंतांना व्रत न मागता, कुरियरनं घरपोच मिळतं. अशांनी कार्ड ताबडतोब चालू करावं. करंटे लोक रिझर्व्ह बँकेचे निर्देश वाचत बसतात. न मागता कार्ड देऊन त्यावर आकारणी केली, तर बँकेनं ती मागे घ्यायची आणि वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. मागून घेतलेलं कार्डही तीस दिवसांत चालू केलं नाही, तर बँकेला ओटीपी पाठवून संमती विचारावी लागते आणि ती नाही मिळाली तर कार्ड फुकटात बंद करावं लागतं. म्हणजे नुसतं आळशीपणे पडून राहिलं तरी व्रत टळतं. पण आळस हा अवगुण आहे, असं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं.

साहित्य फारसं नाही. एक कार्ड, एक मोबाइल आणि चार आकडी पिन. पिन म्हणून जन्मसाल ठेवावं, चोराची गैरसोय होऊ नये.

बटवा मात्र वर्ज्य. हे भोपाळकरांना जड जाईल, कारण हे गावच बटव्यांचं. चौक बाजारात अजूनही जरीचे, मण्यांचे बटवे मिळतात. माझे आजोबा १९५६ साली नागपूरहून इथे आले. १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून उठून भोपाळला आली आणि तिच्यामागून फायली, कारकून, त्यांच्या बायका आणि लोणच्याच्या बरण्या आल्या. आजीनं इथे आल्यावर पहिल्या पगाराला चौकातून एक बटवा घेतला. दोन्ही बाजूंनी ओढायच्या दोऱ्या, शेवटाला गोंडे. तो उघडायला दोन्ही हात लागत. म्हणजे हातातली पिशवी खाली ठेवायची, दोरी सैल करायची, दोन बोटं आत घालून नाणी चाचपायची. एवढं होईस्तोवर निम्म्या वेळा "जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू" होऊन दोरी पुन्हा आवळली जायची. कार्डाला दोरी नाही. पाच हजारांपर्यंत तर पिनही लागत नाही, यंत्राला नुसतं टेकवलं की झालं.

आजीच्या काळी उधारी नव्हती असं नाही. तात्या टोपे नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमागे किराण्याचं दुकान होतं आणि त्या दुकानात आमच्या नावाची लाल वही होती. एक तारखेला आजोबा आधी दुकानात जात, मग घरी येत. महिना लांबला तर दुकानदार एवढंच म्हणे, "बाबूजी, वो पिछला ज़रा देख लेते." त्या 'ज़रा'वर व्याज नसे, पण आजोबा घरी येऊन जेवत नसत. उधारी ही आमच्याकडे आत जाऊन, दार लावून, खालच्या आवाजात बोलायची गोष्ट होती. आता त्याच उधारीला 'लिमिट' म्हणतात आणि ती लग्नाच्या पंगतीत मोठ्यानं सांगता येते. "माझी दोन लाखांची आहे." "माझी परवाच साडेतीन केली त्यांनी." आपल्याला किती पगार मिळतो हे सख्ख्या भावाला न सांगणारा माणूस आपल्याला किती कर्ज मिळू शकतं हे मात्र श्रीखंडाच्या वाटीसकट सांगतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण पाळायला कुणाची ना नाही, फक्त अंथरूण किती वाढलं ते एसएमएसनं कळतं.

आता विधी.

या व्रताची मुख्य तिथी म्हणजे बिलाची तारीख. ती विसरणं अत्यावश्यक आहे. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी काही घेतलं तर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस ते पैसे बिनव्याजी वापरता येतात. बिल निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलं तर जेमतेम दोन-तीन आठवडे. ही माहिती कुणी दिली तर "हो का?" म्हणावं आणि सोडून द्यावी. बिलाचं चक्र एकदा तरी आपल्या सोयीनं बदलून मागायचा हक्क ग्राहकाला आहे. शेवटची तारीख पगारानंतरची करून घेतली आणि पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हायची सूचना देऊन टाकली, तर व्रत जागच्या जागी भंगतं. बँकवाले अशा माणसाबद्दल आपसांत काय बोलत असतील, याची कल्पना करवत नाही.

बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा आणि एक मायाळू. मायाळू आकड्याचं नाव 'मिनिमम ड्यू'. खरा भक्त तोच भरतो.

उदाहरणार्थ, दिवाळीत न्यू मार्केटमधून ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. हे उदाहरण काल्पनिक नाही, फ्रिज आमच्या स्वयंपाकघरात उभा आहे. महिना साडेतीन टक्के हा सर्रास आढळणारा दर धरू. वर्षाला झाले ४२ टक्के. पहिल्या महिन्याचं व्याज १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. थकबाकी झाली ४१,६५२. तिच्या पाच टक्क्यांनी मिनिमम ड्यू २,०८३ रुपये. तो आपण नियमानं, देवापुढे दिवा लावावा तसा भरला. कर्ज किती उतरलं? ४३१ रुपये. वर्षभर असंच भरत राहिलं, कार्डावर दुसरी काडीही घेतली नाही, तर सुमारे साडेतेवीस हजार भरून झाल्यावर ३५,१०० च्या आसपास बाकी उरते. मूळ कर्ज निम्म्यावर यायला चौसष्ट महिने लागतात. तेवढ्यात फ्रिजची वॉरंटी संपते, रबर सैल होतं, दार लावताना खाली पाय लावावा लागतो. काही बँका व्याज आणि कर मिनिमम ड्यूतच पुरते घालून मागतात. तिथे व्रत लवकर आटोपतं, त्या बँका टाळाव्यात.

शिवाय बाकी उरली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. बुधवाऱ्यात प्यायलेल्या मीठवाल्या सुलेमानी चहावर त्याच दिवसापासून व्याज. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे बिट्टन मार्केटच्या हाटातली मेथीची जुडीही व्याजानं घेता येते. ऋण काढून तूप प्या म्हणणाऱ्या चार्वाकाला निदान तूप तरी प्यायला मिळालं होतं.

इथे शास्त्राधार सांगणं भाग आहे, कारण मराठी वाचक शास्त्राधाराशिवाय कर्जबाजारीही होत नाही. आपल्याकडे 'दामदुपट' नावाचा जुना नियम होता. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो हिंदू ऋणकोंना लावत. तरीही सावकारी इतकी माजली की १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-वह्या काढून जाळल्या. आता तो मार्ग बंद आहे. खतं पीडीएफ झाली, आणि ती उघडायलाच नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख लागते. जाळणं दूरच. अलीकडचं सांगायचं तर राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली वार्षिक ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्रतस्थांनी निर्धास्त असावं.

फक्त एक विघ्न आहे. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर कर्ज फेडायला महिनोन्महिने, वर्षंही लागतील आणि चक्रवाढ व्याज पडेल, अशी सूचना बिलावर छापणं बँकांना बंधनकारक आहे. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र पाहतो त्याच नजरेनं ती पाहावी.

पोटव्रतं पुष्कळ आहेत, थोडक्यात सांगतो. कार्डानं एटीएममधून रोकड काढावी. इथे बिनव्याजी मुदत वगैरे भानगड नाही, काढल्या क्षणापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क. 'नो कॉस्ट ईएमआय' दिसला की हात जोडावेत. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच लिहून ठेवलंय. सूट गेलेली असते, प्रोसेसिंग शुल्क आलेलं असतं आणि न दिसणाऱ्या व्याजावर दिसणारा जीएसटी लागतो. आपण मात्र 'नो कॉस्ट' हे शब्द मोठ्यानं म्हणावेत.

प्रसाद म्हणजे रिवॉर्ड पॉइंट. तीन वर्षं जमवले की त्यांतून एक इस्त्री येते, घरात आधीच दोन असतात. लाउंजचं पुण्य त्याहून थोर. विमानतळावर दोन इडल्या आणि पातळ सांबार फुकट मिळावं म्हणून मागच्या तिमाहीत काही हजारांची खरेदी करून दाखवावी लागते. मग राजा भोज विमानतळावर जायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. आम्ही पुण्याला झेलम एक्स्प्रेसनं जाणारी माणसं. आमचा जावई मात्र एकदा त्या इडल्या खाऊन आला आणि पुढची दोन वर्षं त्याचं त्यांच्याबद्दल सांगणं थांबलं नाही.

संकटकाळ. हप्ता चुकला तर लगेच घाबरू नये. तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय विलंबशुल्क लावता येत नाही आणि थकबाकीदार म्हणून सिबिलकडे नावही धाडता येत नाही. चौथ्या दिवसापासून घाबरावं. फोन सुरू होतात. आम्ही तात्या टोप्यांच्या नावाच्या नगरात वाढलो, त्यामुळे गनिमी कावा रक्तात आहे: फोन आला की गच्चीवर, गच्चीवर रेंज आली की जिन्यात, दाराची बेल वाजली की मागच्या बोळातून भाजीला. पण वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, असा नियम आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर माझे वडील रात्री साडेनऊच्या फोनलाही उभं राहून उत्तर देत होते. लाल वहीच्या घरातली सवय. तो मुलगा दुसऱ्या कुठल्यातरी गावातल्या खोलीतून यादी वाचून बोलत होता आणि वडील त्याला "हो साहेब" म्हणत होते. हे मला तेव्हा विनोदी वाटलं नाही, आत्ताही तितकंसं वाटत नाही.

बँक तक्रारीला तीस दिवसांत उत्तर देत नसेल, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, घरबसल्या, ऑनलाइन. वकील लागत नाही. पटियावर, म्हणजे दुकानापुढच्या ओट्यावर, बसून रात्री दोनपर्यंत बँकेला शिव्या घालणं ही आपली भोपाळी परंपरा आहे, ती सोडा असं कोण म्हणेल? पण पटियावरच्या तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळत नाही.

उरलं उद्यापन. घेतला वसा टाकू नये, असं कहाणीत असतं, म्हणून बँकाही तो सहजी टाकू देत नाहीत. आधी सगळी बाकी भरावी, पैसे अपुरे असतील तर ४२ टक्क्यांच्या जागी कमी व्याजाचं साधं वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण काढून भरावी. (ही ओळ चुकून खरी लिहिली गेली.) मग फोन करावा. आधी एक बाई वार्षिक शुल्क माफ करते. दुसरी लिमिट वाढवते. तिसरी दुखावल्या आवाजात विचारते, "सर, कोई शिकायत है हमसे?" इथे भलेभले विरघळतात. आपण लेखी विनंती करून पोच घ्यावी. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला भाग आहे. नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड, तोही आपल्याला. माझ्या माहितीत या व्रतात बँकेकडून आपल्याकडे पैसे येण्याची ही दुसरीच जागा. बंद झाल्याचं पत्र घ्यावं, वर्षातून एकदा फुकट मिळणारा सिबिलचा अहवाल काढून तिथेही 'बंद' असं लागलंय का ते पाहावं. आमचं सातव्या दिवशी झालं, पाचशे बुडाले.

शेवटी कार्डाचे तुकडे करावेत. आमच्या कात्रीनं चिप कापली गेली नाही, आम्ही आजीचा अडकित्ता काढला. एक तुकडा कचऱ्यात गेला. दुसरा आईनं ओट्यावरची वाळलेली कणीक खरवडायला ठेवून घेतला. फ्रिजपेक्षा हे बरं निघालं, म्हणते.