फ्लॉरेन्सला जाताय? आधी गुडघ्यांना विचारा

फ्लॉरेन्सला निघालेल्या माणसाला लोक भलतेच सल्ले देतात. रेनेसाँसवर एखादं पुस्तक वाचून जा, मेडिची घराण्याची वंशावळ पाठ कर, वगैरे. त्या घराण्यात कोझिमो आणि लोरेंझो ही नावं इतक्यांदा फिरून येतात, की पाठ केलेलं विमानतळावरच विसरायला होतं. त्यापेक्षा महिनाभर रोज जिने चढा. या गावात जे जे बघण्यासारखं आहे, ते एकतर उंचावर आहे, नाहीतर रांगेच्या टोकाला.

उंचावरचं आधी. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 अशी सोळा वर्षं खपून कॅथीड्रलचा घुमट उभा केला. खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता, चाळीस लाखांच्या वर विटा रचत. हे जमवलं कसं, ते त्याने कुणाला धड सांगितलं नाही, आणि जाणकार अजून त्यावर वाद घालतात. एवढा डोकेबाज माणूस, पण वर जायला पायऱ्याच. 463! घुमट म्हणजे खरं तर एकात एक असे दोन घुमट, आणि जिना जातो त्या दोघांच्या मधल्या फटीतून. पुढचा माणूस दम खायला थांबला, की मागच्या सगळ्यांनी त्याच्या पाठीकडे बघत उभं राहायचं. अर्ध्या वाटेत, जीव कंठाशी आलेला असताना, हा जिना आतल्या सज्जात उघडतो आणि समोर येतो तो थेट नरक. वासारीने सुरू केलेलं आणि झुकारीने 1579 साली पुरं केलेलं ‘अंतिम न्यायनिवाड्या’चं चित्र आहे ते. त्यात स्वर्ग वर आणि नरक तळाशी, म्हणजे नेमका सज्जापाशी. खालून मुंगीएवढी दिसणारी भुतं इथे धिप्पाड होऊन पाप्यांना बडवत असतात. आमच्या मागून धापा टाकत आलेल्या नागपूरच्या एक काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे बहुतेक बुकिंग न करता आलेले दिसतात.”

काकूंचं शंभर टक्के खरं. घुमटाचं तिकीट वेळेसकट आधी काढावं लागतं. उफिझी आणि अकादेमिया या दोन्ही गॅलऱ्या सोमवारी बंद असतात, आणि ‘फ्लॉरेन्स अर्धा दिवस’ अशी ओळ असलेली सहल हटकून सोमवारीच पोहोचते. हा योगायोग आहे असं मला आता वाटत नाही.

डेव्हिड या गावात तीन आहेत. एक पलाझ्झो वेक्कियोच्या दाराशी, एक ब्राँझचा टेकडीवर, आणि खरा अकादेमियात. चौकातला 1910 साली बसवलेली नक्कल आहे, हे गाइडने सांगितलं तेव्हा गटातल्या एका काकांचे त्याच्यासमोर सर्व कोनांतून फोटो काढून झाले होते. ते शांतपणे म्हणाले, “मला कळलं नाही, तर व्हॉट्सअॅपवाल्यांना काय डोंबल कळणार!” तरीही खऱ्याच्या रांगेत उभे राहाच. दुसऱ्याच शिल्पकाराने हात घालून अर्धवट टाकलेला, कित्येक वर्षं पडून राहिलेला संगमरवराचा ठोकळा होता तो. 1501 साली सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने तो हाती घेतला आणि 1504 पर्यंत त्यातून पाच मीटरचा माणूस काढला. त्याच्या खाली सोडलेल्या उजव्या हाताकडे बघा. पंजाच्या पाठीवरच्या शिरा टचटचीत फुगलेल्या आहेत. रक्त काढायला आलेली नर्स खूश होईल अशा. तिथे काय बघायचं आणि काय नाही या पेचात पडून काही मंडळी छताचे फोटो काढतात. छतात विशेष काही नाही.

स्तांधाल या फ्रेंच लेखकाला 1817 मध्ये सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडताना एवढं सौंदर्य सोसेना आणि भोवळ यायला लागली. पुढे इथल्याच एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या दुखण्याला त्याचं नाव दिलं. आपल्याकडच्या मंडळींनाही उफिझीत तिसऱ्या तासाला भोवळ येते, पण तिचं कारण बोत्तिचेल्लीची चित्रं नसून उपास असतो.

म्हणून खाण्याचं. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी. तीच बसून घेतली की पुष्कळ ठिकाणी खुर्चीचेही पैसे पडतात. जेवायला बसलात की बिलात माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, म्हणजे तुम्ही टेबलाशी टेकल्याबद्दलचा आकार. सोबत येणारा पाव अळणी असतो. तो विसरलेला नसतो, तोस्कानात पाव असाच करतात. लाम्प्रेदोत्तो नावाच्या सँडविचला गाडीवर झकास वास येतो, पण ते गायीच्या चौथ्या पोटाचं असतं, हे शाकाहाऱ्यांनी वास आवडण्यापूर्वी लक्षात ठेवावं. त्यांनी रिबोल्लिता मागवावी. शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळा कोबी आटवून केलेलं हे सूप. आत मांसाचं काही नाही ना, एवढं विचारून घ्यावं. आइस्क्रीम घेताना पिस्ता पोपटी दिसला, तर दुकान बदलावं.

पोन्ते वेक्कियो या पुलावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. वास सहन होईना म्हणून 1593 साली ग्रँड ड्यूक फेर्दिनांदोने त्यांना हाकलून सोनारांना बसवलं. तेव्हापासून नवरे हा पूल झपाझप ओलांडतात.

आणि आता आपल्या घरचं. 1870 साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इथे आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला गेले. वय अवघं वीस. परक्या मुलखात दहन करायचं तर जागा कोणती? आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम शोधला, आणि खास परवानगी काढून तिथे अंत्यसंस्कार झाले. त्या जागी 1874 पासून छत्री आहे, खाली फेटा बांधलेल्या महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा चार्ल्स मॅन्टचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. शेजारच्या पुलालासुद्धा इटालियन लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. एवढं सगळं असून आपल्या सहलींची बस तिथे फिरकत नाही.

सांता मारिया नोव्हेला स्टेशनवरून ट्रॅम घ्या, काशीने बागेपाशी उतरा आणि नदीच्या कडेने बागेच्या पार टोकापर्यंत चालत जा. लांब आहे, पण सपाट. तिकीट नाही, रांग नाही, सोमवारची सुट्टी नाही. सहलवाल्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. कोल्हापूरचे असाल, तर सांगत बसू नका, बस अडवा.