काळ आला होता, पण अहवाल आला नव्हता

आकाशात दोन विमानांची टक्कर टळली की मराठी वर्तमानपत्राचा मथळा तयार असतो: ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ चौकशी समितीला वर्ष-दोन वर्षं पुरत नाहीत, ते काम ही म्हण सात शब्दांत उरकते. कारण: नशीब. जबाबदार: कुणी नाही. शिफारस: देवापुढे नारळ.

७ फेब्रुवारी २०१८. दिल्लीहून पुण्याला निघालेलं विस्ताराचं विमान आणि मुंबईहून भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं विमान मुंबईच्या हवाई हद्दीत समोरासमोर आलं. बातम्यांत आलेल्या आकड्यांनुसार दोहोंतलं उभं अंतर १०० फुटांवर आलं होतं. नियमाने ते हजार फूट हवं. दोन्ही विमानांत मिळून २६१ माणसं. एअर इंडियाचं विमान ज्यांच्या हाती होतं त्या महिला वैमानिकांनी यंत्राची सूचना ऐकली, विमान वर घेतलं आणि सगळे वाचले. त्यांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. मग वाद सुरू झाला तो विस्ताराचं विमान त्या उंचीवर आलं कसं, याचा. नियंत्रण कक्षाने सांगितलं म्हणून आलं, की न सांगता आलं? आपल्याकडे टक्कर टळली की पहिली चौकशी ‘काय झालं’ याची नसते, ‘कुणी केलं’ याची असते. ती संपेपर्यंत लोक विसरलेले असतात.

पुण्याला उतरलेल्या प्रवाशांना यातलं किती कळलं असेल? वैमानिक वाऱ्याचा वेग सांगतात, पुण्याचं तापमान सांगतात, उजवीकडे कोणता डोंगर दिसतोय तेही सांगतात. ‘डावीकडून आत्ता जे गेलं ते एअर इंडिया होतं’ असं सांगायची पद्धत नाही.

आता थोडं गणित. दोन जेट विमानं समोरासमोर येत असतील, तर त्यांचा एकत्रित वेग ताशी सुमारे १८०० किलोमीटर भरतो. म्हणजे सेकंदाला अर्धा किलोमीटर. समोरचं विमान डोळ्यांना दिसणं, ते आपल्याकडेच येतंय हे मेंदूला पटणं आणि हाताने काही करणं, एवढ्यात टक्कर होऊनही जाते. शिवाय डोळा फसवतो. काचेवर सरकत जाणारा ठिपका निरुपद्रवी असतो, तो बाजूने निघून जाणार असतो. काचेवर एकाच जागी थांबलेला, न हलणारा, नुसता मोठा होत जाणारा ठिपकाच थेट अंगावर येत असतो. हे वैमानिकांना प्रशिक्षणात शिकवतात. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्याला ते न शिकवता कळतं: जी फाईल जागची हलत नाही, तीच शेवटी आपल्यावर कोसळते.

म्हणून विमानात ‘टीकॅस’ नावाची पेटी आली. ती आसपासच्या विमानांचा ठाव घेते. कुणी जवळ येऊ लागलं की आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असं बजावते, आणि टक्कर साधारण २५ सेकंदांवर आली की थेट हुकूम देते: ‘क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड’. दोन्ही विमानांतल्या पेट्या आपसात बोलून ठरवतात, एकाने वर जायचं, दुसऱ्याने खाली. सगळा मामला क्षणात मिटतो. इतक्या वेळात जागावाटप ना महायुतीला जमलं, ना आघाडीला.

ही पेटी आपल्या आकाशात सक्तीची झाली, ती दूरदृष्टीने नव्हे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जंबो जेट आणि कझाकस्तानचं इल्युशिन एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. आकाशात विमानांची याहून भीषण टक्कर जगात आजवर झालेली नाही. दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे होता, त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना मिळून एकच वाट. सौदी विमानाला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, कझाक विमानाला १५,००० वर. कझाक विमान त्याखाली उतरलं. नियंत्रकाच्या रडारवर ठिपके होते, पण ठिपक्यांची उंची नव्हती. चौकशीसाठी नेमलेल्या लाहोटी आयोगाने ठपका कझाक वैमानिकांवर ठेवला. पेटीची सक्ती आणि येण्या-जाण्याच्या वेगळ्या वाटा हे त्यानंतरचं शहाणपण. अमेरिकेतही वेगळं घडलं नव्हतं. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन विमानं आदळून १२८ जण गेले, तेव्हा कुठे १९५८ चा हवाई कायदा आला. हवाई नियमांच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक कलमामागे एक स्मशान आहे.

पण माणसं मरण्याआधीच शिकायची सोय निसर्गाने ठेवलेली असते. तिचंच नाव थोडक्यात टळलेली टक्कर. ढिगारा नाही, नुकसानभरपाई नाही, मंत्र्यांचा दौरा नाही. फक्त माहिती, आणि तीही फुकट. आपली अडचण अशी, की फुकट मिळालेल्या गोष्टीला आपण किंमत देत नाही.

जपानचं बघा. ३१ जानेवारी २००१. सुरुगा उपसागरावर जपान एअरलाइन्सचीच दोन विमानं समोरासमोर आली, दोहोंत मिळून ६७७ माणसं. नियंत्रण कक्षातल्या शिकाऊ नियंत्रकाच्या तोंडून एका विमानाऐवजी दुसऱ्याचा क्रमांक गेला आणि खाली उतरण्याचा हुकूम भलत्यालाच मिळाला. त्या जंबो विमानातली पेटी सांगत होती ‘वर जा’, नियंत्रक सांगत होता ‘खाली या’. वैमानिकाने माणसाचं ऐकलं. दुसऱ्या विमानाला त्याच्या पेटीने खालीच जायला सांगितलं होतं. दोन्ही विमानं मिळून खाली निघाली. शेवटच्या क्षणी जंबोच्या वैमानिकाने विमानाचं नाक असं दाबलं, की पट्टा न बांधलेली माणसं छतावर आपटली. सुमारे शंभर जण जखमी झाले, मेलं कुणीच नाही.

प्रश्न लख्ख होता: पेटी आणि माणूस परस्परविरुद्ध बोलू लागले तर ऐकायचं कुणाचं? उत्तर सगळ्या जगाला एका ओळीत कळवता आलं असतं. कळवायला वेळ लागला. १७ महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतल्या युबरलिंगेनवर हाच प्रयोग पुन्हा झाला. रशियन तुपोलेव्हला पेटी म्हणाली ‘वर’, नियंत्रक म्हणाला ‘खाली’. वैमानिक खाली गेले. डीएचएलचं मालवाहू विमान आपल्या पेटीचं ऐकून खालीच येत होतं. या खेपेला ७१ जण गेले, त्यांतली बरीचशी शाळकरी मुलं. तिथलं आकाश सांभाळणाऱ्या झुरिकच्या कक्षात त्या रात्री दोन पडद्यांपुढे एकटाच माणूस होता आणि दुरुस्तीसाठी मुख्य फोनही बंद ठेवलेले होते. दोन वर्षांच्या आतच, मुलं गमावलेल्या एका बापाने त्या नियंत्रकाचा त्याच्या घरी जाऊन खून केला. पेटीचा हुकूम नियंत्रकाच्या हुकमाहून मोठा, हे आंतरराष्ट्रीय नियमांत निःसंदिग्धपणे लिहिलं गेलं ते यानंतर. तिकडे जपानमध्ये सुरुगाच्या नियंत्रकांवर खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शिक्षा कायम केली. चुकलेल्या माणसाचा निकाल लागला. चुकीचा निकाल त्याआधी जर्मनीत लागून गेला होता.

आता आपल्या अंगणात या. ७ जानेवारी २०२२, बेंगळुरू. समांतर धावपट्ट्यांवरून इंडिगोची दोन विमानं, एक कोलकात्याचं आणि एक भुवनेश्वरचं, जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि वर गेल्यावर एकमेकांकडे वळू लागली. एक धावपट्टी बंद ठेवायचं ठरलं होतं, पण तिथल्या मनोऱ्यावरच्या नियंत्रकालाच ते सांगायचं राहिलं. रडारवर बसलेल्या नियंत्रकाच्या लक्षात आलं, त्याने दोघांना दोन दिशांना पिटाळलं आणि टक्कर टळली. झालं का समाधान? थांबा. नागरी हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएला पुढे आढळलं, की घटनेची नोंद एकाही लॉगबुकात नव्हती आणि विमानतळ प्राधिकरणानेही ती कळवलेली नव्हती. चारशेहून जास्त माणसं थोडक्यात वाचली आणि कागदोपत्री काहीच घडलं नाही! आपल्याकडे जन्माचा दाखला मिळायला चार खेपा, मृत्यूच्या दाखल्याला सहा. न झालेल्या मृत्यूचा दाखला कोण काढणार?

मुंबईत ८ जून २०२४ ला निदान व्हिडिओ तरी निघाला. एअर इंडियाचं विमान २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून अजून धावतच होतं, चाकं जमिनीवर होती, आणि मागे त्याच धावपट्टीवर इंडिगोचं विमान उतरलंसुद्धा. ते दृश्य मोबाइलवरून घरोघरी पोचलं. मग मात्र यंत्रणा विजेच्या वेगाने हलली: संबंधित नियंत्रकाला ड्युटीवरून दूर केलं. एवढ्या गर्दीच्या विमानतळाचा भार एका वेळी एकाच धावपट्टीवर आहे, दोन विमानांमधलं अंतर सेकंदांत मोजावं लागतं, हे सगळं त्या एका माणसाबरोबर घरी गेलं. त्या खुर्चीवर पुढे येऊन बसलेला नियंत्रक यातून काय शिकला असेल? बेंगळुरूत लिहिलं नाही म्हणून बोभाटा व्हायला वेळ लागला, मुंबईत कुणीतरी चित्रण केलं म्हणून लगेच झाला. तात्पर्य: धोका विमानांचा नाही, कॅमेऱ्याचा आहे.

यावर उपाय सापडून अर्धं शतक झालं. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. नंतर कळलं, की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच डोंगराला, त्याच गैरसमजापोटी, थोडक्यात चुकलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना कोण सांगणार? ते शेजारचं दुकान! यातून अमेरिकेत १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने किंवा नियंत्रकाने आपली चूक दहा दिवसांत लिहून कळवायची. ती जाणूनबुजून केलेली नसेल आणि अपघात झालेला नसेल, तर दंड वा परवाना-निलंबन माफ. अहवालातून नाव पुसलं जातं, धडा सगळ्यांना वाटला जातो. आणि खरी मेख पुढे आहे: अहवाल गोळा करायचं काम हवाई खात्याकडे न ठेवता नासाकडे दिलं. चावडीवर जाऊन स्वतःची चुगली कुणी करत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

म्हणून लगेच अमेरिकेच्या पाया पडू नका. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एअर कॅनडाचं विमान रात्री धावपट्टी समजून टॅक्सीवेवरच उतरायला निघालं. तिथे चार विमानं प्रवाशांसह रांगेत उभी होती, सुमारे हजार माणसं. विमान जमिनीपासून ६० फुटांवर येऊन पुन्हा वर उचललं गेलं. शेजारची धावपट्टी त्या रात्री बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेली होती की! २७ पानांच्या कागदपत्रांत, आठव्या पानावर. ते विमान पुढे पुन्हा उडालं आणि कॉकपिटमधल्या संभाषणावर नवं ध्वनिमुद्रण चढलं. चौकशी आली तेव्हा ऐकायला काही उरलंच नव्हतं.

आणि मग २९ जानेवारी २०२५, वॉशिंग्टन. पोटोमॅक नदीच्या वर, विमानतळावर उतरू पाहणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर, ६७ मृत्यू. एवढ्या कमी उंचीवर पेटी ‘वर-खाली’चा हुकूम देत नाही, नुसतं ‘ट्रॅफिक’ म्हणते. तेवढं ती म्हणाली होती. तपास संस्थेने जुन्या नोंदी चाळल्या. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्याच विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायक जवळ येण्याचे १५,२१४ प्रसंग निघाले. त्यांपैकी ८५ वेळा उभं अंतर २०० फुटांहून कमी आणि आडवं १,५०० फुटांहून कमी होतं. नकाशाच असा आखलेला, की एका धावपट्टीकडे येणारं विमान आणि खालचं हेलिकॉप्टर यांच्यात नियमात राहूनही ७५ फूटच उरावेत. म्हणजे काही लपवलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं. सगळं नोंदलेलं होतं, सरकारच्याच संगणकात. फक्त कुणी बघितलं नव्हतं. हेलिकॉप्टरची ती वाट टक्कर झाल्यावर मात्र काही आठवड्यांत कायमची बंद झाली. एवढी सोपी होती.

तेव्हा आपल्याकडे नोंदच होत नाही आणि त्यांच्याकडे नोंद वाचली जात नाही, यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. आपल्याला मात्र नव्याने सुरुवात करण्याची संधी आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, म्हणजे एकाच शहराच्या डोक्यावर दोन विमानतळांची रहदारी आली. चुका होतील, माणसं आहेत, होणारच. त्या कळवणाऱ्याला अभय द्या, कळवणं दडपणाऱ्याला घरी पाठवा, आणि दर महिन्याला मुंबईवर किती वेळा टक्कर टळली तो आकडा जाहीर करा. प्रवासी घाबरतील म्हणता? घाबरू द्या. वैमानिकही घाबरतो, म्हणूनच त्याच्या विमानात बसावंसं वाटतं. काहीच झालं नाही म्हणणाऱ्या साहेबांच्या भरवशावर मात्र आम्ही रिक्षातसुद्धा बसणार नाही.