हेड गरम आहे

मिस्त्रींनी पिकअपचं बॉनेट उघडलं, रेडिएटरकडे नुसतं पाहिलं आणि तेलाची पट्टी ओढून माझ्या नाकासमोर धरली. पट्टीवर तेल नव्हतं. भरपूर दुधाचा चहा होता.

"हेड पॅकिंग गेलं. हेड उतरवावं लागेल."

"उतरवा मग," मी म्हणालो.

"आत्ता नाही. हेड गरम आहे. गरम असताना बोल्ट सोडले की वाकतं. थंड होऊ दे. तोवर तुम्ही दोघंही बसा जरा."

त्या 'दोघंही'वरून कळलं, की गॅरेजच्या दारातलं आमचं भांडण त्यांनी ऐकलं होतं.

भांडण काट्याचं होतं. गुहागरहून हापूसच्या ऐंशी पेट्या घेऊन आम्ही रात्री निघालो आणि कशेडी घाटात (तेव्हा बोगदा झाला नव्हता) तापमानाचा काटा लालात गेला. गाडी मी चालवत होतो, म्हणजे रस्ता माझ्याकडे. मेव्हणा शेजारी रिकामा, म्हणजे काटा त्याच्याकडे, हा माझा मुद्दा. "भावोजी, काटा तुमच्या नाकासमोर, मी काय मान लांब करून बघू?" हा त्याचा. मुद्दे दोन्ही इतके बिनतोड होते की पोलादपूर, माणगाव, पेण असं थांबत, रेडिएटरमध्ये पाणी आणि वादात तेल ओतत आम्ही पहाटे बाजारात पोचलो. मागून पांढरा धूर येत होता. मेव्हण्याचं म्हणणं, हवेत गारवा आहे. एप्रिलमध्ये.

पेट्या उतरल्या आणि गाडी कशीबशी तुर्भे एमआयडीसीतल्या या गॅरेजात आली. इंजिनाचा खालचा भाग ब्लॉक, वरचा हेड. मिस्त्रींना हेड म्हणजे हेड. मला मात्र प्रत्येक वेळी डोकंच ऐकू येत होतं. डोकं तापलंय, डोक्यात पाणी गेलंय, डोकं उतरवून लेथवर पाठवायला लागेल. घरात हेच माझ्याबद्दल बोललं जातं, फक्त लेथ सोडून.

या दोन धुडांच्या मध्ये जेमतेम दीड मिलिमीटरचा भोकाभोकांचा पत्रा असतो, तेच हे पॅकिंग. सिलिंडरमधला भडका, त्याच्याभोवती फिरणारं पाणी आणि वर चढणारं तेल या तिघांना त्याने एकमेकांच्या वाटेला जाऊ द्यायचं नाही. त्यातून आमचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापले की दोघं सारखे फुगत नाहीत. शिवाय इंजिन डिझेलचं. त्याला ठिणगी लागतच नाही. हवा सतरा-अठरा पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, मग डिझेल फवारलं की आपसूक पेटतं. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. ठिणगीवाचून, नुसत्या दाबाने पेट घेणारी यंत्रणा सासुरवाडीमुळे परिचयाची असल्याने मला हे चटकन समजलं.

हेड थंड होईना, म्हणून पाय मोकळे करायला मी बाजाराकडे गेलो. हा अख्खा बाजार डोक्यावर चालतो. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आला. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं, १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. पण ट्रकमधून गोणी अजून माथ्यावरूनच उतरते. एक जण गोणपाटाची घडी डोक्यावर ठेवत होता. ती सरळ बसली का हे त्याने दोनदा चाचपलं, मग मान ताठ करून गोणी घेतली. मला एकदम सुचलं. धावत परत आलो.

"मिस्त्री, हेड पॅकिंग म्हणजे आपली चुंबळच की!"

मिस्त्री पाटणकडचे. त्यांनी पाना खाली ठेवला. "माझ्या वडलांनी तीस वर्षं इथंच गोण्या वाहिल्या, साहेब. चुंबळ मऊ असते. तिला कुणी टॉर्क पान्याने आवळत नाही."

माझ्या उपमेचं पॅकिंग तिथेच उडालं.

दुसऱ्या दिवशी हेड उतरलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली पॅकिंगची पट्टी जळून काळी झाली होती. मिस्त्रींनी हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि फटीत फिलर गेजची पात सरकवली. फट वर्तमानपत्राच्या दोन कागदांएवढी असेल नसेल. हेड फेसिंगला गेलं. नव्या पॅकिंगच्या कडेला बारीक भोकं होती. ती जाडीची खूण. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते मोजून तेवढ्या भोकांचं घ्यायचं. हे काम करताना मिस्त्रींनी रेडिओ बंद केला. पॅकिंगची किंमत दोन चांगल्या पेट्यांची. त्याच्यापर्यंत पोचण्याची आणि परत येण्याची मजुरी मात्र पंधरा पेट्या. मेव्हणा सगळा हिशोब पेट्यांतच करतो, त्यामुळे त्याला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी बोल्ट. जुने ताणले गेलेले, म्हणून नवे दहा. आवळायचे मधल्यापासून बाहेर, आणि एकदम नाही. सगळ्यांना थोडं, मग सगळ्यांना आणखी थोडं, शेवटी प्रत्येकाला मोजून पाव फेरा. मेव्हण्याने एका टोकाला हात घातला तर मिस्त्रींनी नुसतं "हं" म्हटलं. त्याने हात मागे घेतला. इतका आज्ञाधारक मी त्याला घरच्या कुठल्याही कार्यात पाहिलेला नाही.

गाडी सुरू झाली. रेडिएटरच्या तोंडात डोकावून मिस्त्रींनी बुडबुडे नाहीत याची खात्री केली, टोपण लावलं आणि हात पुसत विचारलं, "आता काटा कोण बघणार?"

"मी," आम्ही दोघंही म्हणालो.

आणि खरंच बघितला. तुर्भे सोडल्यापासून दोघांच्याही नजरा त्या काट्यावर. तो बरोबर मध्यावर, हलायला तयार नाही. वळायचं होतं नेरूळला. मान वर केली तेव्हा कोकण भवन आलं होतं.