काका दिवाण होते

बारावीचा निकाल लागला की घराघरांत सल्लागारांची भरती निघते आणि अर्ज न करताच सगळ्यांची नेमणूक होते. तंजावूरही याला अपवाद नाही. राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, मेल वीथीत, माझ्या एका मित्राचं घर आहे. घराणं भोसल्यांच्या मागून इथं आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्याच्या लेकीसमोर दोन प्रवेश होते. गावाबाहेरच्या शास्त्र विद्यापीठात कम्प्युटर, म्हणजे घरचा डबा. चेन्नईला गिंडीच्या कॉलेजात सिव्हिल, म्हणजे हॉस्टेल. गिंडीचं कॉलेज मुळात १७९४ साली भूमापन शिकवायला निघालेलं, आणि पोरीला नकाशांचं वेड. पण वेडाला कट ऑफमध्ये मार्क नसतात. तमिळनाडूत गणिताचे शंभर आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास, अशा दोनशेपैकी किती, एवढंच बघतात.

आत्या म्हणाली, "कम्प्युटर सोडून उन्हात विटा मोजणार का गं?" मामाला प्लेसमेंटचे आकडे तोंडपाठ. आजोबांना बँकेची परीक्षा हवी. मी पुण्याचा असल्यामुळे पुण्याचं नाव पुढं करणं हे कर्तव्यच होतं. ते केलं, कुणी ऐकलं नाही. जो तो आपला हुकलेला प्रवेश तिला मिळवून द्यायला बसला होता.

गलका असह्य झाला तेव्हा तिला घेऊन मी राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो. तिथल्या संग्रहालयात ल ब्रुन या फ्रेंच चित्रकाराची मजेदार चित्रं आहेत: माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी जुळणारा प्राणी, शेजारी शेजारी. एका चित्रापुढं ती थबकली आणि हळूच म्हणाली, "मामा!" प्राणी कोणता ते सांगत नाही, मामा मासिकं वाचतो.

हा ग्रंथसंग्रह नावारूपाला आणणारे तंजावूरचे भोसले राजे दुसरे सरफोजी मला करिअरच्या बाबतीत फार जवळचे वाटतात. १७९९च्या तहानं ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य घेतलं आणि त्यांना वर्षाला एक लाख पागोडा अधिक महसुलाचा पाचवा हिस्सा लावून दिला. आजच्या भाषेत, पॅकेज पक्कं आणि काम काही नाही! दुसरा कुणी असता तर पानं खात बसला असता. सरफोजींनी पोथ्या जमवल्या, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या, छापखाना घातला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत छापून काढल्या. पुण्यामुंबईत मराठी पुस्तकं छापली जायला तेव्हा अवकाश होता. (हे पुण्यात बोलताना मी आवाज जरा खाली आणतो.) पण ज्याच्या पगाराची सोय आधीच झाली आहे अशा माणसाचा दाखला मुलीच्या बापाला कसा द्यायचा?

म्हणून रात्री जेवताना मी माधवराव काढले. सर टी. माधवराव, जन्म १८२८, कुंभकोणमचे, म्हणजे इथलेच मराठी. मद्रासला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत चिकटले होते. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवण्याचं बोलावणं आलं. सरकारी कचेरी सोडून शिकवण्या! घरात काय रणकंदन झालं असेल, कल्पना करा. पुढं ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, म्हणून आज तो निर्णय दूरदृष्टीचा ठरतो. नाहीतर "हट्टी पोरगा" म्हणूनच नातेवाइकांच्या ध्यानात राहिला असता.

माझं भाषण रंगलं होतं. आजोबासुद्धा मान डोलावत होते. मित्रानं रसम भातात कालवलं आणि शांतपणे विचारलं, "त्या माधवरावांचे काका त्रावणकोरचे दिवाण होते ना रे आधी? आमचं तिथं कोण आहे?"

यावर मी आणखी भात मागितला. लेक मात्र मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "अप्पा, गिंडीत कोण लागतं? मी मघाशीच पसंतीच्या यादीत पहिल्या नंबरला टाकून लॉक केलं." मामानं लगेच सिव्हिलवाल्यांचे दुबईतले पगार सांगायला सुरुवात केली.