चिपी ते बिरसी, एक तास चाळीस मिनिटं

समजा, कुडाळच्या मुलाचं गोंदियाच्या मुलीशी जमलं. देणंघेणं काही नाही, प्रश्न एकच: वऱ्हाड न्यायचं कसं? (गोंदिया वऱ्हाडात नसून झाडीपट्टीत आहे, हे मुलाच्या काकांना तिकडे पोहोचल्यावर कळेल.) काका आधुनिक. ते चष्मा कपाळावर सारून मोबाइलमध्ये दोन्हीकडचे विमानतळ टाकतात, इकडचा चिपी, तिकडचा बिरसी. उत्तर येतं: अंतर सुमारे 940 किलोमीटर, वेळ एक तास चाळीस मिनिटं.

हिशेब शाळकरी आहे. नकाशावर दोरी ताणायची, किलोमीटरना ताशी 800 नं भागायचं, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. विमान आहे का, हे या हिशेबात कुठेच विचारलेलं नसतं.

चिपीचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झालं. त्या दिवशी उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच मंचावर आले. चिपीनं कमी केलेलं ते आजवरचं सर्वांत मोठं अंतर मानावं लागेल, आणि तेही भाषणं सुरू होईपर्यंतच टिकलं. पुढे ‘उडान’ योजनेची तीन वर्षं सरली आणि मुंबईचं विमान थांबलं.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, इंग्रजांनी बांधलेली. प्रवासी विमान यायला मार्च 2022 उजाडला. इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी ती सेवा काही महिन्यांतच गुंडाळली गेली. मग डिसेंबर 2023 मध्ये हैदराबादमार्गे तिरुपतीचं विमान सुरू झालं. म्हणजे गोंदियाकराला बालाजी जवळ आला. मुंबईतलं मंत्रालय होतं तिथेच राहिलं.

यात या दोन गावांचंच नशीब फुटकं, असंही नाही. छोट्या शहरांच्या विमानांची तूट सरकार तीन वर्षं भरून देतं, तेवढ्यात मार्गानं आपल्या पायावर उभं राहावं अशी कल्पना. ‘कॅग’नं 2023 मध्ये ‘उडान’च्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला. दिलेले मार्ग 774, त्यांतल्या 403 वर सेवा सुरूच झाली नाही. सुरू झालेल्या 371 पैकी तीन वर्षं पुरी केली 112 मार्गांनी. त्यानंतर मार्च 2023 पर्यंत तग धरला फक्त 54 नी. फीत कापायची कात्री मात्र प्रत्येक ठिकाणी नवी.

शेवटी काका एसटीच्या रांगेत. कुडाळ, कणकवली, फोंडाघाट, राधानगरी करत कोल्हापूर. वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली असती तर घाटातल्या वळणांवर कोणी लिंबू हुंगत बसलं नसतं. पण ती अजून कागदावरून धावते. कोल्हापुरात महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची. मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर असं करत, राज्याची हद्द न ओलांडता, तेराशेहून अधिक किलोमीटर कापून ती दुसऱ्या दिवशी रात्री गोंदियाला टेकते. तोवर डब्यात कोकणी भाकरीची जागा खानदेशी केळ्यांनी आणि केळ्यांची नागपुरी संत्र्यांनी घेतलेली असते.

या दोन गावांमध्ये रोज, विनाथांबा, वेळेवर जाणारा एकच आहे, सूर्य. गोंदियाच्या माथ्यावरून चिपीच्या माथ्यावर यायला त्याला साधारण सत्तावीस मिनिटं लागतात. काकांना जायचंय त्या उलट दिशेची सेवा मात्र त्याच्याकडेही नाही.