दोन मुळं आणि एक मामा

वर्गसमीकरण सोडवणं हे हमालीचं काम आहे आणि मुळांवरून समीकरण उभं करणं हे सोयरिकीचं, असं माझं ठाम मत आहे. पहिल्यात अवयव पाडा, नाही पडले तर विवेचक काढा, वर्गमूळ काढा, घाम काढा. दुसऱ्यात मुळं आयती हातात असतात. त्यांच्यावरून फक्त घराणं ओळखायचं. आणि त्यात आम्हा सेलूकरांचा हात कोण धरणार? परतूरला गाडीत शेजारी बसलेला माणूस सेलू यायच्या आत तुमचं गाव आणि आजोळ काढून घेतो, आणि ‘म्हणजे तुम्ही आमच्या पाथरीच्या साडूचे चुलत मेहुणे की!’ म्हणत पाय वर घेऊन बसतो.

तरीही दहावीच्या बीजगणितात याच प्रश्नावर लेकरं का घसरतात, ते मामांच्या नातवाला शिकवताना दिसलं. मामा मोंढ्यातले जुने आडते. ते ओट्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून आमचं ऐकत होते.

गणित साधं होतं : मुळं ३ आणि वजा ५, समीकरण लिहा. पोरानं बेरीज बरोबर काढली, वजा २. गुणाकारही बरोबर, वजा १५. मग झोकात लिहिलं : एक्सचा वर्ग वजा २ एक्स वजा १५ बरोबर शून्य. या समीकरणाची मुळं येतात ५ आणि वजा ३. वरात भलत्याच दारात!

“अरे, बेरजेचं चिन्ह बदलायचं असतं,” मी म्हणालो.

“काहून?” हा प्रश्न पोराचा नव्हे, पेपरामागून आला.

सूत्रात तसं आहे, हे उत्तर आडत्यापुढे चालत नाही. मग कंस मांडून दाखवले. ३ घातल्यावर शून्य व्हायला हवं, तर पहिला कंस एक्स वजा ३ चाच लागणार; वजा ५ साठी दुसरा एक्स अधिक ५ चा. म्हणजे मुळांची चिन्हं कंसात शिरतानाच उलटतात. गुणाकार केला : एक्सचा वर्ग, अधिक ५ एक्स, वजा ३ एक्स, वजा १५. मधलं पद अधिक २ एक्स. शेवटच्या पदात दोन उलट्या मिळून सुलट होतात, म्हणून गुणाकार जसाच्या तसा राहतो.

“मग हे आधी सांगावं की,” मामा म्हणाले, आणि चष्मा पुसत पुढची पाचर मारली : “पण ह्या सगळ्याला दोननं गुणलं तर? मुळं तीच राहतील न्?”

राहतात. नुसत्या मुळांवरून सहगुणकांचं फक्त प्रमाण कळतं. म्हणून पुस्तकातलं गणित एखादा सहगुणक आपण होऊन सांगतं. समजा शेवटचं पद वजा ३० दिलं. मुळांचा गुणाकार वजा १५, म्हणून एक्सच्या वर्गाचा सहगुणक २, आणि मधला ४. मामांना हे लगेच पटलं. गाव आणि आजोळ कळून भागत नाही. जमीन दुधनेच्या कालव्याखाली का कोरडवाहू, हे विचारल्याशिवाय आमच्याकडं सोयरीक पुढं सरकतच नाही.

मुळं आणि सहगुणकांच्या या नात्याला जगभर फ्रान्सच्या व्हिएतचं नाव आहे. हा गृहस्थ सोळाव्या शतकातला, पेशानं वकील. (उलटतपासणीची सवय असणार.) पण वजा मुळं त्यालाही चालत नसत.

आपल्या भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त वानरांचं गणित घातलंय : कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तितकी वानरं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, एकूण किती? मुळं येतात ५० आणि ५. बेरीज ५५, गुणाकार २५०. समीकरण एक्सचा वर्ग वजा ५५ एक्स अधिक २५० बरोबर शून्य. पण ५ घेतले, तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उरतात वजा २ वानरं. त्यांचा वर्ग ४, फांदीवरचं एक, बेरीज ५. हिशोब चोख! तरी आचार्यांनी ५ नाकारले, कारण अशी वजा वस्तू लोकांना पटत नाही.

मामांना मात्र पटली. “वजा दोन वानरं आपल्या रानात आली असती, तर यंदाचा हरभरा वाचला असता,” ते म्हणाले आणि पेपरात शिरले.

आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याचा आहे, इ.स. १२०७ चा. म्हणजे ही शिकवणी आपल्याकडं आठशे वर्षांची जुनी आहे. तेव्हा दहावीच्या लेकरांनो, समीकरण लिहून झालं की दोन्ही मुळं त्यात परत घालून बघा. दोन्ही वेळा शून्य आलं तरच पान उलटा; बोर्डाचा पेपर तपासणारा ‘काहून?’ असं विचारत बसत नाही.